बोटभर डावीकडे

कॅम्पवरून निघून वळताना घरगाडीचं मागचं उजवं चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं. फार नाही. कपाटातल्या कपबशा एकदा किणकिणल्या, एवढंच. मी पुढच्या सीटवर बसून फोनवर आमच्या मार्लाला सांगत होते, "तुझ्या बापाचे डोळे तुझ्यापेक्षा बरे आहेत, तू तुझं बघ." वाक्य तोंडात असतानाच तो धक्का बसला, आणि पाठोपाठ बाहेरून एका बाईची किंकाळी आली. आमच्या या घरगाडीचं इंजिन पार मागच्या टोकाला आहे, बत्तीस फुटांवर, त्यामुळे पुढे बसलेल्याला बाहेरचं सगळं ऐकू येतं. व्हर्लिनने ब्रेक दाबला. "काय होतं?" त्याने माझ्या कानाकडे बघत विचारलं. "दगड," मी म्हणाले. उतरायच्या आधी, आरशात बघायच्या आधी म्हणाले. फोनमध्ये मार्ला विचारत होती, कसला आवाज झाला, आई, कसला आवाज झाला. तिलाही दगडच सांगितलं आणि फोन बंद केला.

दगड नव्हता. लहान मुलांची घडीची खुर्ची होती, गुलाबी, पाठीवर बेडकाचं तोंड काढलेली. नळ्या मधोमध दुमडल्या होत्या आणि बेडकाचा एक डोळा चाकाखाली गेलेला. शेजारी कागदाची बशी उलटी पडली होती, खडीत एक धिरडं. तिथून दोन हातांवर पाचेक वर्षांची एक मुलगी उभी होती, हातात मेपलच्या पाकाची बाटली घेऊन. रडत नव्हती. बाटली उघडी होती आणि पाक तिच्या पायावर गळत होता. तिची आई तोंडावर दोन्ही हात ठेवून उभी. हात काढले तेव्हा ओठ पांढरे झाले होते. "आत्ता उठली," ती म्हणाली. "आत्ता. अजून पाक हवा म्हणून उठली. मी म्हणत होते, पुरे झाला तेवढा." मी म्हणाले, ब्रेक घसरला. ती म्हणाली, "कोण चालवतंय?" माझा नवरा, मी म्हणाले. "त्याला दिसतं का?" आता अशा वेळी माणसाने खाली मान घालावी. मला ते शिकवलंच नाही कोणी. मी म्हणाले, "पोरीला रस्त्याच्या कोपऱ्यावर बसवून खाऊ घालायची ही कुठली रीत गं बाई?" ती नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. मी माझी चांगली खुर्ची, हातावर पेला ठेवायला खोबण असलेली, काढून तिच्यापुढे ठेवली. तिने तिच्याकडे पाहिलंही नाही. "ती मोडकी घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्यासमोरून घेऊन जा आणि तुम्हीही जा." मग मी तो नळ्यांचा आणि कापडाचा गोळा उचलला, गाडीच्या पोटातला सामानाचा कप्पा उघडला, पाण्याच्या नळीच्या भेंडोळ्यामागे तो कोंबला आणि झाकण लावलं. हाताला चिकट लागलं होतं ते गवताला पुसलं. वर येऊन बसले. "मोठा होता का?" व्हर्लिनने विचारलं. "कशाला एवढा विचार करतोस, दगड तो दगड," मी म्हणाले. "ती बाई ओरडली ना?" "कुत्र्यावर ओरडली. चल. सरळ. आता उजवीकडे, सावकाश. वीतभर. बस. सरळ."

गाडीत राहणाऱ्या आमच्या लोकांची एक रीत आहे, कोणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडत कोणी नाही. गाडी जागेवरून हलते तेव्हा दोघांतला एकजण बाहेर उभा राहतो. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, कोपरा कापून आत येतात, आणि चालवणाऱ्याला ते दिसत नाही, डोळे धड असले तरी दिसत नाही. म्हणून बाहेर एक माणूस. गाडी रस्त्याला लागली की त्याने रिकाम्या जागेत एक चक्कर मारायची, काही राहिलं का बघायचं, मगच वर चढायचं. नवरा-बायकोची भांडणं कितीही होवोत, या एका कामात कोणी रुसून बसत नाही. अकरा वर्षं मी पावसात उतरले, नेब्रास्काच्या वाऱ्यात उतरले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काठी घेऊन उतरले. आज उतरले नाही. उतरले नाही कारण लेकीला पटवत होते की बाप ठणठणीत आहे, आणि ते अर्ध्यात सोडून उतरले असते तर तिला वाटलं असतं मी पळ काढतेय. पळ काढताना मला कोणाला दिसायचं नसतं. त्या पोरीला धिरड्यावर पाक जास्त लागतो म्हणून ती जिवंत आहे. माझ्यामुळे नाही.

ग्रीन रिव्हर गाव मागे पडलं. कडेला खरबुजांच्या टपऱ्या होत्या, सप्टेंबर होता, शेवटची खरबुजं. व्हर्लिन म्हणाला, वास येतोय, घ्यायचं का एक? मी नाही म्हणाले. थांबले असते तर ती बाई मागून आली असती असं वाटत होतं. मोठा रस्ता सोडून आम्ही दक्षिणेकडे वळलो. दीड वर्ष झालं, त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काहीच नाही. डॉक्टर म्हणाला होता, असं समजा की प्रत्येक चित्रावर मधे कोणीतरी अंगठा ठेवलाय. कडा दिसतात. म्हणून माझं तोंड बघायचं असेल तर तो माझ्या कानाकडे बघतो, आणि रस्ता बघायचा असेल तर डोंगराकडे. समोरून जाणाऱ्यांना वाटत असेल, म्हातारा काय आनंदात निसर्ग बघत चाललाय. समोरून दुसरी घरगाडी आली की मी म्हणते, "हात कर," आणि तो स्टेअरिंगवरून चार बोटं उचलतो. तेही उचलतात. रस्त्यावरचे सगळे आम्हाला ओळखतात असं त्याला वाटतं, आणि त्या चार बोटांनंतर मैलभर तो खूश असतो.

डॉक्टरने गाडी बंद करा सांगितलं तेव्हा घर विकून दहा वर्षं होत आली होती. मार्लाच्या घरी तळघरात एक खोली आहे, कार्पेट नवीन आहे असं ती दर फोनला सांगते. खिडकी आहे का, मी एकदा विचारलं. आहे गं, वरच्या बाजूला, असं म्हणाली. म्हणजे गवताची मुळं दिसतील. मी त्या खोलीत व्हर्लिनला बसलेला पाहिला, तिथे न जाताच पाहिला, गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीच्या कडेकडे बघणारा. आणि मग मी जे केलं ते मार्लालाही माहीत नाही. लायसन्स नवीन करायचं होतं. आमच्यासारखे घर नसलेले लोक कागदावर ज्या राज्याचे असतात, तिथल्या एका लहान गावाच्या कचेरीत आम्ही गेलो. त्याच्या आधी रांगेत तिघं होती. तिघांनीही त्या यंत्रात डोळे घालून एकच ओळ वाचली. मी शाळेत आठवीपर्यंत, तीही धड नाही, आई आजारी पडली आणि मागची तीन भावंडं माझ्या अंगावर आली. पण कानावर पडलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. सात अक्षरं. मी व्हर्लिनच्या तळहातावर बोटाने लिहीत राहिले, त्याचा नंबर येईपर्यंत. त्याने ती अशी म्हटली, मधेच जराशी अडखळून, डोळे किलकिले करून, की मलाच वाटलं दिसतायत. बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो आणि इतके हसलो, इतके हसलो की सीट हलत होती. तेव्हा तो म्हणाला, "मालकीणबाई, आता डोळे तुझे. तू ज्या दिवशी थांब म्हणशील त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. का म्हणून विचारणार नाही." मालकीणबाई तो मला लग्नाआधीपासून म्हणतो, टोमणा म्हणून सुरू केलं होतं. मी म्हणाले, थांब म्हणणारी मी नाही. किती शेखी मिरवत म्हणाले ते आठवतं.

हँक्सव्हिल गावाच्या पुढे डोंगर राखाडी होतात. झाड नाही, गवत नाही. "सांग," तो म्हणाला. हा रस्ता त्याने मुद्दाम निवडला होता. पहिल्याच वर्षी आम्ही इथून गेलो होतो, तेव्हा त्याला सगळं दिसत होतं आणि तो बोलत होता आणि मी चिडून नकाशा धरून बसले होते. आता तो म्हणाला होता, तू सांगत जा, मी आठवत जातो. पण मला सांगता येत नाही. मी तीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात काम केलं, मला चादरी समजतात. "राखाडी आहे," मी म्हणाले. "राखेचा ढीग भिजून परत वाळावा तसं. सुरकुत्या पडल्यात." "आणि तो एकटा उंच?" "आहे. उभा आहे." "कसा?" "कसा म्हणजे काय, कोणी बोलावलं नसताना आलेल्या पाहुण्यासारखा." तो हसला. त्याला आठवला तो डोंगर, मला दिसलं त्याच्या चेहऱ्यावर. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते तेवढ्यात गाडी पांढऱ्या रेघेवर गेली, चाकाखाली ती खरखर झाली. "बोटभर डावीकडे!" मी ओरडले. बोटभर, वीतभर, हातभर, ही आमची मापं. पूर्वी ती फक्त कॅम्पवर गाडी मागे घेण्यासाठी होती. आता सगळा देश आम्ही त्या मापांवर ओलांडतो. तो रेघेवरून आत आला. रोज असं झालं की तो म्हणतो, मालकीणबाई, डोळा लागला का? आज म्हणाला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी सांगणारच होते. जेवायला थांबू तेव्हा सांगू असं ठरवलं होतं. लाल कड्यांच्या तळाशी जुन्या फळबागा आहेत, तिथे झाडाखाली मोकळी जागा पाहून मी त्याला थांबवलं. त्याच्यासाठी पावात सॉसेजचे काप आणि मोहरी घातली. तिथल्या जुन्या घरात सफरचंदाचा ‘पाय’ विकतात, गोड सारण भरून भाजलेला, तळहाताएवढा. दोघांत एक आणला. तो खात होता आणि मी तोंड उघडून बसले होते. हरणं आली होती बागेत, पडलेली फळं खायला. "काय बघतेस?" "हरणं." "किती?" "चार." पाच होती. का चार म्हणाले? कोण जाणे. हरणांच्या बाबतीत खोटं बोलून मला काय मिळणार होतं? तो खाताखाता थांबला आणि म्हणाला, "गोड जास्त आहे." मग मी पाहिलं, तो बोटांना लागलेला पाक अंगठ्याने चोळत होता, पुन्हा पुन्हा. मी ओला कागद दिला. आमच्या घरात माझ्या शब्दाशिवाय चमचा हलत नसे. दोन मुलगे याच कारणाने फोन करत नाहीत. मला त्याचं दुःख नाही असं मी सांगते आणि लोकांना ते खरं वाटतं. मी एकदा एखादी गोष्ट सांगितली की ती तशीच असायची, लॉन्ड्रीतल्या बायकासुद्धा म्हणायच्या, आर्डिथने मोजल्यात ना चादरी, मग पुन्हा मोजू नका. हा माझा अभिमान. शिकलेल्यांकडे कागद असतो, माझ्याकडे शब्द होता. आता तोंडात सफरचंद घेऊन मी विचार करत होते की दगड हा एक शब्द परत कसा घ्यायचा. घेतला की दुसरा प्रश्न येणार, कुणी होतं का त्यात. आणि तिसरा, मग आता? तिसऱ्याचं उत्तर तळघरातली खोली होतं. मी कागद गोळा केले, भांडी आवरली, सगळी कपाटं चाचपून बघितली. "चल," मी म्हणाले.

टॉरी गावाच्या पुढे रस्ता वर चढत जातो, नऊ-साडेनऊ हजार फूट. तिथे अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झाली होती. मी म्हणाले, पिवळं. तो म्हणाला, कसलं पिवळं? मी म्हणाले, लोणी तव्यावर टाकल्यावर पहिल्यांदा जसं होतं तसलं. "वा," तो म्हणाला, पण उशिरा म्हणाला. कडेला एक तरुण जोडपं छोट्या भाड्याच्या घरगाडीचे फोटो काढत होतं. "हात कर," मी म्हणाले. त्याने केला नाही. "अरे, हात कर की, ते हात करतायत!" "राहू दे," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी खिडकी उघडली, थंड वारा आला, पानांचा कडवट वास आला. या गाडीचं स्टेअरिंग मी एकदाच हातात घेतलं होतं. पहिल्या वर्षी, जत्रेच्या रिकाम्या मैदानात, त्याने मला शिकवायला बसवलं. मी दिव्याच्या खांबाला मागचा कोपरा घासला. नुसता ओरखडा. तो हसला. वाईट नाही हसला, तो कधीच वाईट हसत नाही. पण मी उतरले आणि म्हणाले, पुन्हा हात लावणार नाही, आणि लावला नाही. त्याने किती वेळा म्हटलं. मैदान शोधून ठेवायचा. मी नाकाचा शेंडा वर करून बसायची. त्या हसण्याला मी अकरा वर्षं शिक्षा दिली आणि आता शिक्षा भोगायला आम्ही दोघेही या उंचीवर चाललो होतो, एक जण न बघता चालवतोय आणि दुसरी न चालवता बघतेय. मी शिकले असते तर आज तो माझ्या शेजारी बसून डोंगराच्या कडा बघत गेला असता. एवढी साधी गोष्ट. इतकी साधी की ती आठवली की मला दुसऱ्या कोणावर तरी ओरडावंसं वाटतं.

मग ती धार आली. बोल्डर गावाच्या पुढे रस्ता डोंगराच्या अगदी माथ्यावरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतरण, कठडा नाही. पांढरी रेघ संपली की वीतभर डांबर, मग हवा. पहिल्या वेळी मी इथे डोळे मिटले होते. आता मी मिटू शकत नाही. "आलं का ते?" त्याने विचारलं. "आलं." "दोन्ही बाजूंना?" "दोन्ही बाजूंना." तो सावकाश चालवत होता, ताशी वीस मैलांच्या आत, आणि हात सैल होते, मला त्याच्या हातांचं नेहमी आश्चर्य वाटतं. सरळ, मी म्हणाले. बोटभर उजवीकडे. सरळ. उजवं वळण, लांब आहे, घे, घे, अजून, बस. सरळ. समोरून कोणी येत नव्हतं. खाली खडक पांढरे-गुलाबी, गोल गोल, पिंजलेल्या कापसासारखे पडले होते आणि त्यावर आमची सावली चालली होती, लांबलचक, डब्यासारखी. त्या सावलीत आम्ही दोघे कुठे असू ते शोधत होते मी. आणि तिथे, सगळ्या जगात तिथेच, माझ्या तोंडाशी आलं. व्हर्लिन, तो दगड नव्हता. म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. आता खोटं कशाला सांगू, त्या दोन श्वासांत दुसरंही मनात आलं. मी काहीच बोलले नाही तर? नुसती बसून राहिले तर? तळघर नाही, कार्पेट नाही, मार्लाचा हळू केलेला आवाज नाही. खुर्चीचं कोणाला सांगायला नको. व्हर्लिन डोंगराकडे बघत होता. त्याला कळलं होतं की मी गप्प झाले आहे. त्याने ब्रेक दाबला नाही. पाय जराही हलला नाही. वाट बघत असल्यासारखा तो तसाच चालवत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला सहन झालं नाही. "मालकीणबाई?" तो हळू म्हणाला. "डावीकडे!" मी किंचाळले. "बोटभर डावीकडे. अजून. बस. सरळ, सरळ."

एस्कलांटेच्या कॅम्पवर पोहोचलो तेव्हा ऊन अजून होतं. जागा दाखवणारा म्हातारा पुढे सायकलवरून गेला, हात दाखवून म्हणाला, मागे घ्यायला मदत करू का? मी म्हणाले, आम्ही तुमच्या जन्माच्या आधीपासून मागे घेतो. तो सत्तरीचा तरी असेल, हसला आणि गेला. मी उतरले. मागे गेले, आजूबाजूच्या जागा पाहिल्या, टेबलाखाली वाकून पाहिलं, शेजारच्यांच्या खुर्च्या मोजल्या, चार मोठ्या, सगळ्या लांब. मग हातातल्या वॉकीटॉकीत सांगत सांगत गाडी आत घेतली. एकदाही चूक झाली नाही. चाकांपुढे ठोकळे लावले, पाण्याची नळी जोडायला पोटातला कप्पा उघडायचा होता. तो उघडला नाही. म्हटलं, आजच्या दिवस टाकीतलं पाणी पुरेल. वर आले तेव्हा व्हर्लिन टेबलाशी बसला होता, किल्ली त्याच्यासमोर.

"नळी नाही जोडलीस?" तो म्हणाला.

"जोडते मग."

"कप्पा उघडल्याचा आवाज नाही आला." तो माझ्या कानाकडे बघत नव्हता. सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे त्याला मी दिसत नव्हते. "आर्डिथ, दगड असा दबत नाही."

नावाने तो मला हाक मारत नाही.

"दगडावर चाक चढतं आणि धपकन उतरतं," तो म्हणाला. "ते हळूच खाली गेलं. काहीतरी मोडत मोडत गेलं. आणि ती बाई."

"खुर्ची होती. पोराटोरांची. रिकामी होती."

"खुर्चीसाठी कोणी तसं ओरडत नाही."

"पोरगी नुकतीच उठली होती त्यातून. पाक आणायला. म्हणून ओरडली. माझ्यासमोर उभी होती पोर, हातीपायी धड. मी पाहिली."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाचं उत्तर मी दिवसभर शोधत होते असं मला वाटत होतं. शोधत नव्हते. तो पुढे म्हणाला, "मी फळबागेत वाट बघितली. झाडं आली तिथे बघितली. म्हटलं, ती सांगेल. तिला सांगू दे. मी विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग ते मला ऐकावं लागलं असतं. मग त्या धारेवर तू गप्प झालीस. तेव्हा मला वाटलं, हिला सांगता येत नाहीये म्हणजे..." त्याने वाक्य सोडलं. "का गप्प झाली होतीस?"

"घसा सुकला होता."

"हो का," तो म्हणाला.

मी खाली गेले. कप्पा उघडला, नळीमागून तो गोळा ओढून काढला आणि वर आणून टेबलावर ठेवला. हे बघ, मी म्हणाले, हात लावून बघ, मोडकी खुर्ची आहे, दुसरं काही नाही. त्याने हात लावला. नळ्यांवरून बोटं फिरवली, दुमडलं होतं तिथे थांबला, मग कापडावर आला. बेडकाच्या तोंडाशी कापड ओलं होतं, तिथे बोटं थांबली. त्याने अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. चिकट आवाज आला, अगदी बारीक.

"हे काय?"

"पाक. धिरड्यावरचा. तिच्या हातातली बाटली गळत होती."

"पाक म्हणतेस."

"वास घे ना. वास घेऊन बघ, व्हर्लिन. तीस वर्षं मी कापडावरचे डाग काढले, मला कळत नाही का कशाचा काय असतो ते?"

त्याने वास घेतला नाही. हात नाकाशी न्यायला वीतभराचंच अंतर होतं. "तू म्हणतेस तर पाकच," तो म्हणाला, आणि बोटं पँटवर पुसली, एकेक करून, सावकाश. मग किल्ली चाचपून घेतली, माझा हात शोधला आणि तळहातावर ठेवली. मी थांब म्हटलंच नव्हतं. म्हणणारही नव्हते. किल्ली अजून गरम होती. उद्या मी बोटभर डावीकडे म्हणाले असते आणि तो वळला असता, पण वळण्याआधी एक क्षण थांबला असता, आणि त्या रस्त्यांवर तेवढा क्षण नसतो. हे आम्हाला दोघांना कळलं. मार्लाला फोन करायचा होता. लेकीकडे मी कधी काही मागितलं नाही, त्यासाठी कसले शब्द वापरतात तेही मला येत नाही. ती येईल, तिचा नवरा गाडी चालवेल, आम्ही मागच्या सीटवर बसू, सामानासारखे.

व्हर्लिन खिडकीकडे वळला. "काय दिसतंय?" त्याने विचारलं. सवयीने विचारलं असेल, किंवा मला काहीतरी द्यावं म्हणून. मी बाहेर पाहिलं. कड्यांवरून ऊन उतरत होतं, वरची कड तेवढी पेटल्यासारखी, खाली सगळं धुऊन वाळत घातलेल्या चादरींसारखं पांढरं. इतकं नीट मला दिवसभरात काही दिसलं नव्हतं. मी ते सगळं त्याला सांगितलं, घाई न करता, चादरींसकट. "हं," तो म्हणाला. रेडिओवर हवामान सांगतात तेव्हा तो असाच हं म्हणतो.

मग मी खुर्ची उचलून बाहेर नेली. कचऱ्याची पेटी कोपऱ्यावर होती, तिथवर गेले. टाकायच्या आधी मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं, आणि बेडकाच्या तोंडावरच्या ओल्या जागी बोट लावून ते जिभेला लावलं.

गोड होतं.